वर्डप्रेसचे अपडेट मध्येच अडकले किंवा थीम बसली नाही, तर काय करावे

‘अपडेट नाऊ’ हे बटण दाबले, गोल चक्र बराच वेळ फिरत राहिले आणि शेवटी कंटाळून पान पुन्हा उघडले, तर संकेतस्थळाच्या जागी पांढऱ्या पानावर एकच इंग्रजी ओळ दिसली : ‘ब्रीफली अनअव्हेलेबल फॉर शेड्यूल्ड मेंटेनन्स. चेक बॅक इन अ मिनिट.’ संस्थेचे, दुकानाचे किंवा स्वतःच्या लेखनाचे संकेतस्थळ स्वतःच सांभाळणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. अशा वेळी घाबरून तेच बटण पुन्हा पुन्हा दाबले जाते, हाताला लागेल ते प्लगइन (जादा सोयीसाठी जोडलेला भाग) काढून टाकले जाते, कोणी तर संकेतस्थळ चालवणारी प्रणाली, म्हणजे सगळे वर्डप्रेसच, पुसून नव्याने बसवायला घेतो, आणि मूळ बिघाडापेक्षा मोठे नुकसान या धांदलीत होते. वास्तविक तुमचे लेख, पाने, प्रतिक्रिया आणि बहुतेक सेटिंग डेटाबेसमध्ये असतात, तर अपडेट करताना प्रामुख्याने फाइली बदलल्या जातात. त्यामुळे संकेतस्थळ दिसेनासे झाले तरी मजकूर बहुतेक वेळा जागच्या जागी असतो.

पुढील सर्व विवेचन स्वतःच्या होस्टिंगवर बसवलेल्या वर्डप्रेसबद्दल आहे. वर्डप्रेस डॉट कॉमवर मोफत खाते असेल, तर तेथे अपडेट कंपनीच करते आणि बाहेरची थीम (संकेतस्थळाचे रूप ठरवणारा साचा) अपलोड करण्याची सोयच नसते. ती न दिसणे हा बिघाड नव्हे. फाइलींची, फोल्डरांची आणि संदेशांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. पडद्यावर ती रोमन लिपीत दिसतील आणि टंकताना तशीच टंकावी लागतील.

अपडेट होत असताना आत काय घडते

नवशिक्या माणसाला अपडेट ही एकच क्रिया वाटते, परंतु प्रत्यक्षात ती पाच-सहा टप्प्यांची साखळी आहे. प्रथम तुमच्या होस्टिंगचा सर्व्हर वर्डप्रेसच्या सर्व्हरवरून झिप फाइल उतरवून घेतो. ही फाइल तुमच्या संगणकावर येत नाही, म्हणून घरचे इंटरनेट मंद आहे की वेगवान, याचा या टप्प्याशी संबंध नसतो. त्यानंतर ती झिप डब्ल्यूपी-कंटेंट या फोल्डरमधील ‘अपग्रेड’ नावाच्या जागेत उलगडली जाते, गरजेप्रमाणे संकेतस्थळावर ‘देखभाल चालू आहे’ अशी पाटी लावली जाते, जुन्या फाइली बाजूला होतात, नव्या त्यांच्या जागी येतात आणि पाटी काढली जाते. मुख्य वर्डप्रेसचे अपडेट असेल तर शेवटी डेटाबेसची रचनाही नव्या आवृत्तीशी जुळवून घेतली जाते.

बिघाड झाला म्हणजे या साखळीतील कोणती तरी एक कडी तुटली. ती कोणती, हे पडद्यावरची शेवटची ओळ सांगते. ‘डाउनलोडिंग अपडेट’ या ओळीवर काम थांबले, तर तुमच्या सर्व्हरला बाहेरच्या जगाशी संपर्क साधता आलेला नाही. ‘अनपॅकिंग द अपडेट’ येथे थांबले, तर जागा अपुरी आहे, फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही किंवा झिप अर्धवट उतरली आहे. ‘इन्स्टॉलिंग द लेटेस्ट व्हर्जन’ किंवा ‘रिमूव्हिंग द ओल्ड व्हर्जन’ येथे थांबले, तर जुन्या फाइली हलवण्याची मुभा नाही किंवा सर्व्हरने ठरवून दिलेला वेळ संपला आहे. म्हणून काहीही करण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि ती ओळ अक्षरशः उतरवून ठेवावी. प्लगइनच्या यादीतून अपडेट केल्यास केवळ ‘अपडेट फेल्ड’ आणि त्यापुढे अर्धे वाक्य दिसते. डॅशबोर्डखालील ‘अपडेट्स’ या पानावरून केल्यास टप्प्याटप्प्याचा तपशील उघडून पाहता येतो. मी अपडेट नेहमी त्याच पानावरून करतो, आणि नव्याने शिकणाऱ्यांनीही तीच सवय लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

येथेच भाषेची एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्डप्रेसचा डॅशबोर्ड मराठीत वापरता येतो आणि तो तसा जरूर वापरावा. परंतु चुकीचा संदेश मराठीत आला, की तो शोधून उत्तर मिळवणे अवघड जाते, आणि होस्टिंगच्या मदतसेवेलाही तो चटकन उमगत नाही. यासाठी संकेतस्थळाची भाषा बदलण्याचे कारण नाही. ‘युजर्स’मध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन केवळ स्वतःपुरती भाषा तात्पुरती इंग्रजी करावी, संदेश टिपून घ्यावा आणि काम झाल्यावर पुन्हा मराठी निवडावी. वाचकांना यातले काहीच दिसत नाही.

आधी बॅकअप, आणि तोही दोन्ही भागांचा

बिघाड झाल्यानंतरसुद्धा पहिले काम बॅकअपचेच असते, कारण दुरुस्ती करताना पुढची चूक होऊ शकते. बॅकअपचे दोन भाग असतात : डब्ल्यूपी-कंटेंट हे फोल्डर व डब्ल्यूपी-कॉन्फिग ही फाइल हा एक भाग, आणि डेटाबेस हा दुसरा. पहिला सीपॅनेलच्या (अनेक होस्टिंगवर मिळणाऱ्या नियंत्रण-पानाच्या) फाइल मॅनेजरमधून झिप करून उतरवता येतो. दुसरा तेथीलच पीएचपी-माय-ॲडमिन हे डेटाबेस हाताळण्याचे साधन उघडून ‘एक्स्पोर्ट’ केल्यावर मिळतो. अनेकांकडे फक्त फाइलींचा बॅकअप असतो आणि लेख त्यात नसतात, हे ऐन वेळी कळते. दोन्ही भाग स्वतःच्या संगणकावर उतरल्याची खात्री करूनच पुढे जावे.

देखभालीची पाटी हटत नाही

सुरुवातीला सांगितलेली ओळ म्हणजे हीच पाटी. अपडेट सुरू होताना वर्डप्रेस आपल्या मुख्य फोल्डरमध्ये ‘डॉट मेंटेनन्स’ नावाची एक छोटी फाइल तयार करते, तिच्यात त्या क्षणाची वेळ नोंदवते आणि काम संपले की ती पुसून टाकते. काम मध्येच तुटले तर ती तशीच राहते. ही फाइल दहा मिनिटांहून जुनी झाली, की वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करते आणि संकेतस्थळ आपोआप उघडते. म्हणजे या प्रसंगी सर्वांत शहाणपणाचे काम म्हणजे घड्याळ लावून दहा मिनिटे हात आवरणे. अधीर होऊन दुसऱ्या खिडकीतून पुन्हा अपडेट सुरू केले, तर नव्या वेळेची नवी फाइल तयार होते आणि दहा मिनिटांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तेवढा वेळ थांबूनही पाटी दिसतच असेल, तर फाइल मॅनेजर उघडावा आणि पब्लिक_एचटीएमएल या फोल्डरमध्ये, जेथे डब्ल्यूपी-कॉन्फिग आहे तेथे पाहावे. ज्या फाइलीचे नाव टिंबाने सुरू होते ती लपलेली असते, म्हणून फाइल मॅनेजरच्या वरच्या कोपऱ्यातील ‘सेटिंग्ज’मध्ये ‘शो हिडन फाइल्स’ यावर खूण करावी लागते. ‘डॉट मेंटेनन्स’ दिसली की तेवढीच पुसावी. शेजारी ‘डॉट एचटीॲक्सेस’ नावाची दुसरी लपलेली फाइल असते. तिला हात लावू नये. फाइल तेथे नसूनही पाटी दिसत असेल, तर ती कॅशमधील, म्हणजे पान लवकर उघडावे म्हणून साठवून ठेवलेली, जुनी प्रत आहे. कॅशचे प्लगइन वापरत असाल तर ते रिकामे करावे आणि ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पान उघडून पाहावे.

‘अनदर अपडेट इज करंटली इन प्रोग्रेस’ हा संदेशही याच जातीचा आहे. एका वेळी दोन अपडेट होऊ नयेत म्हणून वर्डप्रेस डेटाबेसमध्ये एक कुलूप लावते, आणि मुख्य आवृत्तीच्या अपडेटसाठी त्याची मुदत १५ मिनिटांची असते. ते हाताने काढण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, पण नवशिक्याने डेटाबेसच्या तक्त्यात शिरण्यापेक्षा पाव तास थांबणे केव्हाही बरे.

जागा संपली आहे का, हे आधी पाहा

‘कुड नॉट क्रिएट डिरेक्टरी’ आणि ‘कुड नॉट कॉपी फाइल’ हे दोन संदेश नवशिक्यांना सर्वाधिक गोंधळात टाकतात, कारण त्यांचा अर्थ शोधला की बहुतेक ठिकाणी परवानग्या बदलण्याचा सल्ला मिळतो. मीही एकदा तसाच फसलो. तालुक्याच्या ठिकाणच्या एका वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. तेथील थीम अपडेट होईना, तेव्हा एक पूर्ण संध्याकाळ मी फोल्डरांच्या परवानग्या तपासण्यात घालवली. शेवटी सीपॅनेलच्या उजव्या बाजूला, ‘डिस्क यूसेज’ची पट्टी पूर्ण लाल झालेली दिसली.

जागा कशाने भरली होती, हे सांगण्यासारखे आहे. वार्षिक व्याख्यानमालेची छायाचित्रे कार्यकर्त्यांनी मोबाइलवरून जशीच्या तशी चढवली होती, एकेक चार-पाच एमबीचे. वर्डप्रेस अशा एका मोठ्या छायाचित्रापासून १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेल अशा मापांच्या प्रती तयार करते, त्यावर २५६० पिक्सेलची एक प्रत बनवते आणि मूळ छायाचित्रही ठेवते. म्हणजे चढवले एक आणि साठले आठ. शिवाय बॅकअपचे प्लगइन दर आठवड्याची झिप त्याच होस्टिंगवर ठेवत होते. जुन्या झिप मी संगणकावर उतरवून घेतल्या, तेथून पुसल्या, आणि जे अपडेट तीन दिवस अडले होते ते मिनिटभरात पार पडले. अपडेटच्या वेळी झिप, उलगडलेली नवी प्रत आणि बाजूला ठेवलेली जुनी प्रत अशा तिन्ही गोष्टी काही काळ एकत्र असतात, म्हणून पट्टी पूर्ण भरलेली नसली तरी कडेला आलेली असेल तर अपडेट अडू शकते. काही होस्टिंग योजनांत जागेबरोबर फाइलींच्या संख्येवरही मर्यादा असते. सीपॅनेलमध्ये ती ‘फाइल यूसेज’ किंवा ‘आयनोड्स’ या नावाने दिसते, आणि वरील हिशोबाने ती छायाचित्रांमुळेच लवकर भरते.

जागा पुरेशी असेल तरच परवानग्यांकडे वळावे. ‘टूल्स’खालील ‘साइट हेल्थ’ उघडून ‘इन्फो’ या भागात ‘फाइलसिस्टिम परमिशन्स’ पाहिल्यास मुख्य फोल्डर, प्लगइनचे फोल्डर, थीमचे फोल्डर यांपैकी कशात लिहिता येते आणि कशात नाही, हे वर्डप्रेस स्वतःच सांगते. सर्वसाधारणपणे फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ अशी परवानगी असावी. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा आणि तिसरा इतर सर्वांचा. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे गुण असतात व त्यांची बेरीज लिहिली जाते. म्हणजे ६४४ याचा अर्थ मालकाला वाचता-लिहिता येईल, बाकीच्यांना फक्त वाचता येईल. ७७७ देऊन मोकळे व्हा, असा सल्ला आजही मिळतो. तो कृपया कधीही मानू नये, कारण त्याने त्या सर्व्हरवरील कोणालाही तुमच्या फाइली बदलण्याची मुभा मिळते.

अपडेट करताना वर्डप्रेस एकाएकी एफटीपीचे (सर्व्हरवर फाइली चढवण्याच्या पद्धतीचे) नाव आणि पासवर्ड मागू लागले, तर फाइलींचा मालक एक आणि वर्डप्रेस ज्या नावाने चालते तो दुसरा, असे झाले आहे. संकेतस्थळ एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवल्यावर हे घडू शकते. फाइलींची मालकी दुरुस्त करून देण्याची विनंती होस्टिंगच्या मदतसेवेला करावी. हे काम त्यांच्याच हातातले आहे.

अपडेट झाले, पण पान पांढरे पडले

येथे साखळी पूर्ण झाली आहे, परंतु नव्या फाइली तुमच्या सर्व्हरशी किंवा एकमेकींशी जुळत नाहीत. ‘देअर हॅज बीन अ क्रिटिकल एरर ऑन धिस वेबसाइट’ हे वाक्य दिसते, ‘५००’ हा आकडा दिसतो किंवा काहीच दिसत नाही.

सर्वप्रथम ईमेल पाहावी. मे २०१९मध्ये आलेल्या ५.२ या आवृत्तीपासून अशा बिघाडाच्या वेळी वर्डप्रेस प्रशासकाच्या पत्त्यावर पत्र पाठवते. त्यात कोणत्या प्लगइनमुळे किंवा थीममुळे बिघाड झाला त्याचे नाव असते आणि ‘रिकव्हरी मोड’मध्ये शिरण्याचा दुवा असतो. त्या दुव्याने आत गेल्यास दोषी प्लगइन केवळ तुमच्यापुरते थांबवलेले असते आणि ते तुम्हाला रीतसर बंद करता येते. दुवा एक दिवस चालतो. पत्र स्पॅममध्येही शोधावे. अनेक संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रशासकाचा पत्ता म्हणून संस्था सोडून गेलेल्या माणसाचा किंवा ज्याने पहिल्यांदा संकेतस्थळ करून दिले त्याचा पत्ता राहून जातो आणि पत्र भलत्यालाच जाते. ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ या पानावरचा पत्ता आजच तपासून घ्यावा.

पत्र आले नसेल तर फाइल मॅनेजरमधून हेच काम हाताने करता येते. डब्ल्यूपी-कंटेंटमधील ‘प्लगइन्स’ या फोल्डरमध्ये प्रत्येक प्लगइनचे स्वतंत्र फोल्डर असते. ज्याचे अपडेट नुकतेच केले त्याच्या फोल्डरच्या नावापुढे ‘-बंद’ या अर्थाचे काही रोमन अक्षर जोडावे. वर्डप्रेसला ते सापडत नाही आणि ते बंद पडते. संशयित ठाऊक नसेल तर ‘प्लगइन्स’ या संपूर्ण फोल्डरचेच नाव बदलावे, डॅशबोर्डमध्ये जाऊन प्लगइनची यादी एकदा उघडावी, मग नाव पूर्ववत करून एकेक प्लगइन सुरू करत जावे. ज्याच्या नंतर पान पुन्हा पांढरे पडेल तो दोषी. थीमबाबतही हीच युक्ती चालते, मात्र ‘ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह’सारखी वर्डप्रेसची एखादी मूळ थीम आधीपासून बसवलेली असली पाहिजे, म्हणजे वर्डप्रेस तिच्यावर येऊन टेकू शकते. न वापरलेली थीम म्हणून ती पुसून टाकू नये, याचे कारण हेच.

नेमके कारण हवे असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलीत ‘डब्ल्यूपी_डीबग’ व ‘डब्ल्यूपी_डीबग_लॉग’ यांची किंमत ‘ट्रू’ आणि ‘डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले’ची ‘फॉल्स’ करावी. मग चुका वाचकांना न दिसता डब्ल्यूपी-कंटेंटमधील ‘डीबग डॉट लॉग’ या फाइलीत जमा होतात. ती फाइल पहिल्यांदा उघडली की भीतीच वाटते, पण त्यात फक्त ‘फेटल एरर’ ही अक्षरे शोधावीत आणि त्या ओळीत कोणत्या फोल्डरचा मार्ग आहे तेवढे वाचावे. मार्गात ‘थीम्स’ असेल तर थीम, ‘प्लगइन्स’ असेल तर त्यापुढचे नाव. काम झाल्यावर तिन्ही किमती पूर्ववत कराव्यात.

त्या ओळीत ‘अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’ असे आढळले, तर तो अगडबंब आकडा म्हणजे १२८ एमबी. १०२४ने दोनदा भागले की मिळतो. सीपॅनेलमधील ‘मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर’मध्ये ‘मेमरी_लिमिट’ २५६ एमबी करून पाहावे. ओळीत ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन क्रिएट_फंक्शन’ असे दिसले, तर थीम जुनी आहे आणि सर्व्हरवर पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या संगणकीय भाषेत लिहिले आहे तिची, आठवी आवृत्ती आहे. हे फंक्शन पीएचपी ८.०मधून काढून टाकले गेले आहे. अशा वेळी सीपॅनेलमधून काही दिवसांसाठी पीएचपी ७.४वर परत जाता येते आणि संकेतस्थळ लगेच उभे राहते. परंतु ७.४ला नोव्हेंबर २०२२पासून सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, म्हणून हा उपाय नवी थीम शोधेपर्यंतचा आहे.

याच्या उलटही घडते. वर्डप्रेस ६.६ला किमान पीएचपी ७.२.२४ लागते, होस्टिंगवर त्याहून जुनी आवृत्ती असेल तर अपडेट सुरूच होत नाही आणि संदेशात दोन्ही आकडे स्पष्ट दिलेले असतात. पीएचपीची आवृत्ती एकदम शेवटच्या पायरीवर नेऊ नये. एकेक पायरी चढावी आणि प्रत्येक पायरीवर मुखपृष्ठ, एखादा लेख व संपर्काचा अर्ज उघडून पाहावा.

अलीकडच्या आवृत्त्यांनी बराच भार हलका केला आहे. ऑगस्ट २०२३मधील ६.३पासून हाताने केलेले थीमचे किंवा प्लगइनचे अपडेट फसले, तर जुनी प्रत आपोआप परत बसवली जाते, आणि जुलै २०२४मधील ६.६पासून प्लगइनच्या स्वयंचलित अपडेटलाही ही सोय मिळाली. म्हणून मुख्य वर्डप्रेस जुने ठेवून केवळ प्लगइन अद्ययावत करत राहणे तोट्याचे आहे.

मुख्य वर्डप्रेसचेच अपडेट अर्धवट राहिले आणि डॅशबोर्ड उघडत असेल, तर ‘अपडेट्स’ पानावरील ‘री-इन्स्टॉल’ने त्याच आवृत्तीच्या फाइली पुन्हा बसतात. डॅशबोर्डही बंद असेल तर वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून झिप उतरवून उलगडावी, सर्व्हरवरील डब्ल्यूपी-ॲडमिन व डब्ल्यूपी-इन्क्लूड्स ही दोन फोल्डरे पुसून नवी चढवावीत आणि बाहेरच्या सुट्या फाइलींच्या जागी नव्या ठेवाव्यात. डब्ल्यूपी-कंटेंट आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग यांना स्पर्श करू नये, कारण तुमच्या स्वतःच्या ज्या फाइली आहेत त्या त्यांत आहेत. त्यानंतर डब्ल्यूपी-ॲडमिनचा पत्ता उघडला, की डेटाबेस अद्ययावत करण्याचे बटण येते. ते दाबून काम पूर्ण करावे.

थीम बसतच नाही

विकत घेतलेली थीम चढवल्यावर ‘द थीम इज मिसिंग द स्टाइल डॉट सीएसएस स्टाइलशीट’ असे उत्तर आले, की पैसे वाया गेले असे वाटते. प्रत्यक्षात चूक झिपच्या आतल्या झिपची असते. थीम विकणारे अनेकदा एकाच मोठ्या झिपमध्ये थीम, चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली, आपले बदल ठेवण्याची जोडथीम), माहितीपुस्तिका, परवाना आणि नमुन्याचा मजकूर असे सगळे बांधून देतात. हे गाठोडे जसेच्या तसे चढवले तर वर्डप्रेसला त्यात थीम दिसत नाही. गाठोडे आधी संगणकावर सोडवावे, आत थीमच्या नावाची दुसरी झिप मिळेल, ती चढवावी.

वर्डप्रेस नेमके काय शोधते, ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे. योग्य झिप उघडली की आत एकच फोल्डर असते आणि त्या फोल्डरमध्ये पाऊल टाकताच स्टाइल डॉट सीएसएस ही, पानाच्या रूपाचे नियम ठेवणारी, फाइल समोर दिसते. ती उघडली तर वरच्या काही ओळींत थीमचे नाव, लेखक, आवृत्ती असा मजकूर असतो. तीच थीमची ओळखपत्रिका. झिप सोडवून पुन्हा बांधताना विंडोजमध्ये पुष्कळदा फोल्डरात फोल्डर तयार होते, ही फाइल एक पायरी खाली जाते आणि तोच संदेश पुन्हा येतो. मॅकवर सफारी वापरणाऱ्यांची अडचण वेगळी : ते झिप उतरताच स्वतःहून उलगडते आणि चढवायला झिपच उरत नाही. सफारीच्या सेटिंगमध्ये ‘ओपन सेफ फाइल्स आफ्टर डाउनलोडिंग’ यावरची खूण काढली की हा त्रास संपतो.

‘द लिंक यू फॉलोड हॅज एक्स्पायर्ड’ हा संदेश तर सरळ दिशाभूल करतो. दुव्याची मुदत संपलेली नसते. फाइल सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठी असते. पीएचपीमध्ये मुळात एका फाइलीला २ एमबी आणि संपूर्ण अर्जाला ८ एमबी एवढीच मुभा असते, आणि होस्टिंग कंपन्या ती कमीअधिक वाढवतात. ‘मीडिया’मध्ये नवी फाइल जोडण्याचे पान उघडल्यास तुमच्याकडची मर्यादा खाली लिहिलेली दिसते. थीमची झिप त्याहून मोठी असेल, तर ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ आणि ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ हे दोन्ही आकडे वाढवावेत, दुसरा पहिल्यापेक्षा थोडा मोठा ठेवावा. अथवा झिप फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कंटेंटमधील ‘थीम्स’ फोल्डरमध्ये चढवून तेथेच ‘एक्स्ट्रॅक्ट’ करावी. मंद इंटरनेटवर मला हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.

‘डेस्टिनेशन फोल्डर ऑलरेडी एक्झिस्ट्स’ म्हणजे त्याच नावाचे फोल्डर आधीच आहे, बहुधा मागच्या फसलेल्या प्रयत्नाचे. ५.५ या आवृत्तीपासून वर्डप्रेस जुनी व नवी आवृत्ती शेजारी दाखवून बदलण्याची परवानगी विचारते. ‘इनकम्पॅटिबल अर्काइव्ह’ आले तर झिप अर्धवट उतरलेली आहे. ती पुन्हा उतरवावी. ‘पेरेंट थीम कुड नॉट बी फाउंड’ आले तर तुम्ही चाइल्ड थीम आधी चढवली आहे. मूळ थीम प्रथम बसवावी. विकतच्या थीमचे अपडेट ‘डाउनलोड फेल्ड. अनऑथराइज्ड’ म्हणून थांबत असेल, तर परवान्याची मुदत संपलेली असते किंवा परवाना-क्रमांक थीमच्या सेटिंगमध्ये भरलेलाच नसतो.

पैसे भरायच्या थीम फुकट वाटणाऱ्या जागांवरून थीम घेऊ नये. तिच्यात कोणी काय मिसळले आहे हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नसतो, आणि अपडेट तर तिला कधीच मिळत नाही. वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या संग्रहातील फुकट थीम तपासून मगच तेथे ठेवलेल्या असतात. सुरुवातीला त्या पुरतात.

थीम अपडेट केल्यावर मराठी अक्षरे बिघडली

मराठी संकेतस्थळांच्या वाट्याला येणारा हा खास प्रश्न आहे. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या असतात. त्यांच्यात ओळींमधले अंतर कमी असते आणि शीर्षकातील वेलांट्या, मात्रा, रफार वरून कापले जातात, तर उकार पुढच्या ओळीवर आदळतात. म्हणून आपण ‘मुक्ता’सारखा देवनागरी टंक जोडतो, ओळींचे अंतर १.७ किंवा १.८ करतो आणि हे बदल थीमच्या स्टाइल डॉट सीएसएसमध्येच लिहून ठेवतो. पुढचे अपडेट आले की ती फाइल नव्या फाइलीखाली गाडली जाते, सारे बदल नाहीसे होतात आणि अपडेटने संकेतस्थळ मोडले अशी समजूत होते. अपडेटने त्याचे काम बिनचूक केलेले असते; आपला मजकूर चुकीच्या जागी होता.

हे बदल दोनच ठिकाणी लिहावेत : ‘कस्टमाइज’मधील ‘ॲडिशनल सीएसएस’मध्ये किंवा चाइल्ड थीममध्ये. पहिल्या जागेचा मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, दुसरीचे फोल्डर वेगळे असते, आणि थीमचे अपडेट दोहोंनाही स्पर्श करत नाही. ब्लॉक थीममध्ये (ज्या थीमचे सगळे पान ‘एडिटर’मध्येच घडवता येते तिच्यात) ‘कस्टमाइज’ दिसत नाही. तेथे ‘एडिटर’ उघडून ‘स्टाइल्स’मध्ये ‘ॲडिशनल सीएसएस’ सापडते. बदल आधीच नाहीसे झाले असतील तर बॅकअपमधील जुनी स्टाइल डॉट सीएसएस उघडून आपल्या ओळी तेवढ्या वेचून घ्याव्यात. संपूर्ण जुनी फाइल नव्या थीमवर ठेवू नये.

मदत मागताना काय लिहावे

वरचे सर्व करूनही संकेतस्थळ उभे राहिले नाही, तर होस्टिंगच्या मदतसेवेला लिहावे. ‘वेबसाइट बंद आहे, लवकर पाहा’ एवढेच लिहिले तर उलट प्रश्नांत एक दिवस जातो. त्याऐवजी असे लिहावे : ‘मंगळवारी दुपारी तीन वाजता थीमचे अपडेट केले. शेवटची ओळ अनपॅकिंग द अपडेट ही होती, त्यानंतर कुड नॉट क्रिएट डिरेक्टरी असा संदेश आला. डिस्कची जागा निम्मी शिल्लक आहे. वर्डप्रेस ६.६, पीएचपी ८.१. थीम्स फोल्डरची परवानगी ७५५ आहे. मी प्लगइन बंद करून पाहिले, फरक पडला नाही. डीबग लॉगमधील शेवटच्या दहा ओळी आणि पडद्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे.’ ज्या ओळी जोडाल त्यांत पासवर्ड किंवा परवाना-क्रमांक नाही, हे पाठवण्यापूर्वी पाहून घ्यावे, आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग ही फाइल कोणालाही जोडून पाठवू नये, कारण तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड उघड लिहिलेला असतो. उत्तर येईपर्यंत संकेतस्थळावर आणखी काही बदलू नये, म्हणजे तुम्ही जे वर्णन केले तेच त्यांना पाहायला मिळेल.